दुपारी झोपणारा काटा

आमच्याकडचे जुने वायरमन तारेला 'मेली' म्हणत नसत. वीज बंद असली तर म्हणायचे, लाईन झोपली. चालू असली तर, जागी हाय. मीटरचा काटा शून्यावर पडून राहिला तर काटा झोपला. मी त्यांच्यातल्या एकाला एकदा कारण विचारलं होतं. तो म्हणाला, "मेली म्हनू न्हाई. तार ऐकत असती." म्हणताना तो हसला नाही, म्हणून मीच हसलो.

हा शब्द आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलेलं आहे. या एका शब्दानं एका माणसाचं नाव पन्नास वर्षं खराब राहिलं. ते नाव नीट करायचं, एवढंच या लिहिण्याचं काम. ते करू शकेल असा आता मी एकटाच उरलोय. खरं सांगायचं तर तेव्हाही मी एकटाच होतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान होतं. पाटीवर 'रेडिओ दुरुस्ती' असं लिहिलेलं, पण मीटर दुरुस्त करणारा आसपास मीच होतो, त्यामुळे पूर्णा, सेलू, मानवतकडचे वायरमन माझ्याकडे येत. दुकान म्हणजे निजामाच्या काळातली एक दगडी खोली. भिंती हातभर जाड. बाहेर चैत्राचं ऊन असलं तरी आत गार असायचं, आणि लोक दुरुस्तीला आले की तासभर उगाच बसून राहायचे. दार पश्चिमेला होतं. दुपारी तीननंतर उन्हाचा एक चौकोनी तुकडा दारातून आत यायचा आणि फरशीवरून हळूहळू सरकत माझ्या टेबलापर्यंत पोचायचा. त्या वेळी मी बहुधा घरी जेवून आडवा झालेला असायचो.

आजच्या मुलांनी काट्याचा मीटर पाहिलेला नसतो. काळी पेटी, काचेआड काटा, काट्यामागे आरशाची पट्टी. मधे एक गोल खटका, तो फिरवून दहा व्होल्ट, पन्नास, अडीचशे, पाचशे अशी रेंज लावायची. दोन वायरींची टोकं तारेला लावली की काटा उठतो. पेटी उघडली तर आत एक चुंबक, त्याच्यात केसासारख्या स्प्रिंगवर तरंगणारी कॉईल, आणि ओळीनं मांडलेले रेझिस्टर, गव्हाच्या दाण्याहून जरासे मोठे. प्रत्येक रेंजला आपापला रेझिस्टर. एखादी रेंज मुकी झाली तर तिचा रेझिस्टर बघायचा. सगळ्याच मुक्या झाल्या तर फ्यूज किंवा कॉईल. फक्त एसी गेलं तर डायोड. मी पेटी उघडायच्या आधीच कुठला भाग गेलाय ते सांगायचो, आणि ते बहुतेक वेळा खरं निघायचं. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

ज्याचं नाव खराब झालं तो माणूस सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होता. बत्तीस वर्षांचा असेल. मी सव्वीसचा. तो मला 'तुमी' म्हणायचा, मी त्याला 'तू'. तो बौद्धवाड्यातला, मी गावाकडे जमीन असलेल्या घरातला. तू आणि तुमी तेवढ्यावर ठरत असे, आणि त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही.

पहिल्यांदा आला तो माघात. सकाळच्या गाडीनं आला होता. मीटर पंच्यात गुंडाळलेला. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर कापसाची बारीक लव. जिनिंगची माणसं अशीच दिसायची, अर्धी पुसून टाकल्यासारखी.

"मिस्त्री, काटा दुपारी झोपायलाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सकाळी बरा असतोय. दुपारी बोर्डाला लावला की उठतोय, थोडं उभं ऱ्हातोय अन् झोपतोय. लाईन जागी असताना."

मी वायरी सॉकेटला लावल्या. काटा दोनशे तीसवर जाऊन उभा राहिला. हलला नाही. मग पेटी उघडली, भिंग लावलं, तर चुंबक आणि कॉईल यांच्या फटीत रुईचा एक तंतू अडकलेला. सुईच्या टोकानं तो काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा बघ तुझा चोर."

त्यानं तो तंतू बराच वेळ पाहिला. "एवढ्याशा धाग्यानं सकाळी बी अडायला पायजे व्हतं की," तो म्हणाला.

मी पेटी बंद करत होतो. त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण मला एक दोष सापडला होता. दोष सापडला की शोधणारा माणूस थांबतो. माझ्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक आहे, आणि मी ती दुसऱ्यांना शिकवताना सांगतही असे.

पंधरा दिवसांनी तो परत आला. या खेपेला त्यानं अधिक नेमकं सांगितलं.

"अडीचशेवर जागा ऱ्हातोय, मिस्त्री. पाचशेवर ठिवला की झोपायलाय. ते बी ऊन चढल्यावर. आमचा बोर्ड पत्र्याखाली हाय, मीटर तिथंच खिळ्याला असतोय."

आज हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो. त्यानं मला रोग, जागा आणि वेळ, तिन्ही सांगितलं होतं. पाचशेचा रेझिस्टर तापला की तुटतो आणि गार झाला की जुळतो, एवढाच त्याचा अर्थ. दहावीचा पोरगाही काढेल. मी पाचशेची रेंज लावली, सकाळचे साडेदहा वाजले होते, खोली गार, काटा नीट उभा राहिला. मी म्हटलं, मीटर चांगलाय. पण तो माणूस जागचा हलेना, म्हणून काहीतरी करायचं म्हणून आतला सेल बदलला.

"सेल तर ओमसाठी असतोय ना?" तो हळूच म्हणाला.

होय, ओमसाठीच असतो, म्हणजे तारेचा रोध मोजायला. व्होल्ट मोजायला सेल लागत नाही. हे त्याला ठाऊक नसेल असं मी धरून चाललो होतो.

"आता तू मला शिकव," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा दुकानात शेजारचा चहावाला बसलेला होता. ऊन तापायला लागलं होतं, आणि तो गारव्यासाठी माझ्याकडे येऊन बसायचा. वायरमननं मीटर टेबलावर ठेवला आणि काही बोलायच्या आधीच मी विचारलं, "झोपला का पुन्हा?"

"झोपायलाय."

चहावाला म्हणाला, "जिनिंगमदी जिकडं बघावं तिकडं कापूस. गादीवर गादी. काट्याला झोप येनार न्हाई तर काय."

आम्ही दोघं हसलो. मी म्हणालो, "काटा झोपायलाय का तूच झोपायलाय, ते बघ आधी."

तोही थोडा हसला. मग म्हणाला, "मिस्त्री, एक इनंती हाय. आज मीटर हितंच ठिवा. तीन वाजता तुमीच लावून बघा. मी संध्याकाळच्या गाडीनं नेतो."

मी पुन्हा सकाळच्या गारव्यात वायरी लावल्या, पुन्हा काटा उभा राहिला. जाड पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्यावर लिहिलं, 'तपासले. दोष नाही.' खाली सही केली आणि दोऱ्यानं मीटरच्या मुठीला बांधला.

"तर मंग मी आपला दिव्यावरच बघत जातो," तो म्हणाला. जिनिंगमध्ये पूर्वी दोन बल्ब एकमेकांना जोडून केलेल्या दिव्यानं लाईन तपासायचे.

"दिव्याचा बल्ब उडतो, तार सैल होते," मी म्हणालो. "मीटर असताना दिवा कशाला? काटा खोटं बोलत नाही. माझी सही आहे त्याच्यावर."

तो कार्डाकडे बघत राहिला. त्याला वाचता येत होतं. मग त्यानं मीटर पंच्यात गुंडाळला आणि गेला. टेबलावर, त्याचा हात होता तिथं, रुईची थोडी लव उरली होती. मी फुंकर मारली.

आठ दिवसांनी जिनिंगचा मॅनेजर आणि मुनीम जीपनं माझ्या दुकानी आले. मॅनेजर बाहेरगावचा, स्वच्छ पुस्तकी मराठी बोलणारा. त्यानं मीटर टेबलावर ठेवला. कार्ड तसंच बांधलेलं होतं.

"आमचा वायरमन गेला," तो म्हणाला. "परवा दुपारी. शॉक लागून."

झालं ते असं. मेन बोर्डातली एक तार जळाली होती. वायरमननं मशीनं थांबवली आणि मोठ्या स्विचचा दांडा खाली ओढला. दांडा खाली आला, पण आतला जोड तुटलेला, त्यामुळे पात्या जागच्या जागीच राहिल्या. बाहेरून बघणाऱ्याला वीज बंद. त्याच्याजवळ मशीनला तेल घालणारा एक म्हातारा तेवढा उभा होता. त्याच्या समोर वायरमननं बोर्डात हात घातला.

"त्यानं तपासून पाहिलं नसणार," मॅनेजर म्हणाला. "मीटर चांगला असेल तर तसाच अर्थ होतो. तुम्ही बघून ठेवा. उद्या दुपारी जिनिंगमध्ये चौकशी आहे, तिथं येऊन सांगा."

ते गेले. त्या दिवशी मी जेवायला घरी गेलो नाही. मीटर समोर होता. काचेवर धूळ आणि लव चिकटली होती, म्हणून मी सुती फडक्यानं काच घासून पुसली. वायरी लावलेल्या नव्हत्या. तरी काटा शून्यावरून उठला. हळूच, अर्ध्यापर्यंत आला आणि तिथं थांबून राहिला.

याचं कारण मला माहीत होतं. कोरड्या हवेत काच घासली की तिच्यावर वीज साठते आणि ती काट्याला ओढून घेते. काचेवर तोंडाची वाफ सोडली की काटा खाली येतो. हे मी गिऱ्हाइकांना गंमत म्हणून दाखवायचो. त्या दिवशी मला काचेजवळ तोंड नेणं जमेना. काटा तसाच उभा होता, काही विचारायला उठल्यासारखा. शेवटी तो आपला आपणच खाली आला. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

मग मी वायरी सॉकेटला लावल्या, खटका पाचशेवर ठेवला आणि बसून राहिलो. काटा दोनशे तीसवर. रस्त्यावर कुणी नव्हतं. चहावाल्याचा स्टोव्हसुद्धा बंद. उन्हाचा चौकोन दारातून आत आला, स्टुलाच्या पायाशी आला, टेबलाच्या कडेवर चढला. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मीटर हलवून सावलीत ठेवावा असं मला सारखं वाटत होतं. हलवला नाही. ऊन मीटरच्या काळ्या पेटीवर आलं. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, सुटलो.

आणि काटा झोपला.

पडला नाही, झोपला. त्यानं सांगितला होता तसाच. आधी जरा थरथरला, मग मान टाकावी तसा शून्यावर गेला. सॉकेटमध्ये वीज होती. वर पंखा फिरत होता.

मी ओलं फडकं पेटीवर टाकलं. थोड्या वेळानं काटा पुन्हा जागा झाला.

पुढचं काम दहा मिनिटांचं होतं. पेटी उघडली, गरम सोल्डरिंग आयर्न एकेका रेझिस्टरजवळ नुसतं धरत गेलो. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. पाचशेच्या रेझिस्टरजवळ नेलं आणि काटा झोपला. भिंगातून बघितलं तर त्याच्या टोकाशी केसाएवढी चीर. तापला की चीर उघडत होती. म्हणजे त्या दुपारी त्यानं वायरी लावल्या असणार, काटा शून्यावरच असणार, आणि त्यानं माझ्या सहीवर विश्वास ठेवून हात घातला असणार.

मी तो रेझिस्टर काढला आणि तसाच नवा बसवला. पेटी बंद केली. परत उन्हात ठेवून बघितलं. काटा सूर्य बुडेपर्यंत जागा होता.

का बदलला, हे मी स्वतःला पुष्कळ प्रकारे सांगून पाहिलंय. दुरुस्त करणं हा माझा धंदा होता, हात आपोआप चालले, वगैरे. ते खरं नाही. कार्डावर माझी सही होती. मला सही वाचवायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मी सेलूला पोचलो. जिनिंग बंद ठेवलेली होती. मशीनं चालू असताना तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, आणि आता आपल्याच चपलांचा आवाज पत्र्यावरून परत येत होता. मशीनं थांबून दोन-तीन दिवस झाले तरी हवेत रुई होती. खाली बसत नव्हती, वरही जात नव्हती. कवडशात एका जागी लोंबकळत होती. बोर्डापुढच्या जमिनीवर पांढरा थर जमला होता आणि त्यात एकाच माणसाच्या पायांचे ठसे होते. कुणी त्यांच्यावरून चाललं नव्हतं. सगळे कडेनं जात होते. मीही कडेनं गेलो.

दाराबाहेर सरकीच्या ढिगाजवळ त्याची बायको बसली होती. शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी. मुलीच्या मांडीवर तो पंचा घडी करून ठेवलेला.

टेबलापाशी मॅनेजर, मुनीम लिहायला, आणि समोर तो तेलवाला म्हातारा. आयुष्यभर मशीनीत राहून त्याचे कान गेले होते. मॅनेजर मोठ्यानं विचारत होता, म्हाताऱ्याला अर्धं ऐकू येत होतं.

"त्यानं मीटर लावला होता का?"

"व्हय साहेब. लावला. म्या बगितलं."

"मग काय झालं?"

"झोपला व्हता साहेब."

मॅनेजरनं मुनीमाकडे बघितलं. "झोपला होता? कामावर?"

म्हाताऱ्यानं 'कामावर' एवढंच ऐकलं. "व्हय, कामावरच. हितंच, बोर्डापुढं."

"आधीही असं व्हायचं?"

"दुपारी रोजच झोपायचा. त्यो या मिस्त्रीला बी सांगून आला व्हता, तीन डाव." त्यानं माझ्याकडे बोट केलं. त्याला बरं वाटलेलं दिसलं. खरं माहीत असलेला माणूस समोर आहे, आता तो नीट सांगेल, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मॅनेजर माझ्याकडे वळला. "दुपारी झोपण्याबद्दल तो तुमच्याशी बोलला होता?"

'झोपला होता.' आपल्या भाषेत एवढं वाक्य पुरतं. कोण, ते सांगावं लागत नाही. काटाही पुल्लिंगी, माणूसही पुल्लिंगी. वायरमन लोकांची बोली त्या मॅनेजरला माहीत असायचं कारण नव्हतं. मुनीम सेलूचाच होता, पण तो गादीवर बसणारा, बोर्डापाशी कधी न गेलेला. आणि एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. तो कामावर झोपत होता, यावर त्या टेबलाभोवतीच्या कुणालाच नवल वाटलं नाही. बौद्धवाड्यातला माणूस दुपारी झोपतो हे ऐकायला ते तयारच बसले होते. मी एक शब्द घातला असता तर सगळं उलटलं असतं. 'काटा' हा शब्द.

"हो," मी म्हणालो.

"आणि मीटर?"

"मीटर ठीक आहे."

"दाखवा."

भर दुपार होती, पत्रा तडतडत होता. बोर्डाची वीज चालू केली. मी खटका पाचशेवर ठेवला आणि वायरी लावल्या. काटा उठला, चारशे चाळीसवर उभा राहिला आणि राहिलाच. तेलवाला म्हातारा वाकून काचेत बघत होता. किती वेळ बघत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"आज जागा हाय की," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात संशय नव्हता. भीती होती. ज्या काट्यानं त्या दिवशी झोप घेतली तो आज माणूस गेल्यावर डोळे उघडून उभा आहे, असं काहीतरी त्याला दिसत असावं. मॅनेजरनं तिकडे लक्ष दिलं नाही. मुनीमानं वाचून दाखवलं, 'अपघाताच्या वेळी सदर वायरमन झोपेच्या अंमलाखाली होता व त्याची तशी नेहमीची सवय होती, असे साक्षीदार सांगतो.' म्हाताऱ्यानं मान हलवली आणि अंगठा दिला. त्याखाली मी सही केली. नेहमीसारखीच आली.

बाहेर निघताना त्या बाईनं मला विचारलं, "मिस्त्री, तेनी मीटर लावला व्हता ना?"

मी म्हणालो, "गाडीची वेळ झाली."

जिनिंगच्या आवारातली त्यांची खोली गेली. ती मुलीला घेऊन चुडाव्याकडे माहेरी गेली. सेलूत पुढं 'झोपेत गेलेला वायरमन' अशी म्हणच पडली. कुणी कामावर पेंगला की त्याचं नाव घ्यायचे. मुलीला तर शाळेत त्याच नावानं चिडवत, हे मला पुढं कळलं.

मी टेबल हलवून दुसऱ्या भिंतीला लावलं, जिथं ऊन पोचत नव्हतं. तरी तीनच्या सुमाराला मी हातातलं काम ठेवून द्यायचो. दुरुस्तीला आलेला कुठलाही मीटर असो, त्या वेळी मी त्याच्याकडे बघत नसे. एकदा मुलानं विचारलं, तेव्हा सांगितलं की डोळे दुखतात. नांदेडला जायचं झालं की चुडावा स्टेशन लागायचं. मी प्लॅटफॉर्मच्या उलट्या बाजूच्या खिडकीशी बसायचो. तिथं त्याची मुलगी शिक्षिका झाली, मराठी शिकवते, हे मला ठाऊक होतं. पत्ता शोधावा लागला असं मी म्हणू शकत नाही. तो रेझिस्टर चुन्याच्या डबीत ठेवलेला होता. किती घरं बदलली, ती डबी बरोबर आली.

यंदा ती निवृत्त झाल्याचं कळलं. उन्हाळ्यात मी चुडाव्याला उतरलो. घर स्टेशनपासून लांब नाही. तिनं मला ओळखलं नाही. मी डबी उघडून तिच्यापुढं ठेवली आणि वर लिहिलं आहे ते सगळं, याच क्रमानं सांगितलं. आत भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, तिच्या शेजारी तिच्या वडिलांचा एक जुना फोटो. मला तिकडे बघावं लागत होतं.

झाल्यावर तिनं एकच विचारलं. "मंग आमचे दादा जागे व्हते?"

"जागे होते. त्यांनी तपासलं होतं."

'त्यांनी' हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

"माय मरेपर्यंत म्हनायची, तेनी मीटर लावला असंल. पंच्यात गुंडाळून जपायचे म्हनायची." ती उठली, आतून एक वही आणि पेन घेऊन आली. "तोंडी नको काका. तोंडीनंच झालंय सगळं. लिहून द्या."

मी लिहिलं, 'त्या दुपारी झोपला होता तो.' एवढ्यात तिनं वहीवर बोट ठेवलं.

"कर्ता?"

मी तिच्याकडे बघितलं.

"वाक्याला कर्ता पायजे. कोन झोपला व्हता? तीस वर्षं हेच शिकवलं म्या. दादाचं वाक्य मातर समद्यांनी अर्धंच ऐकलं."

मी खोडून पुन्हा लिहिलं. 'त्या दुपारी मीटरचा काटा झोपला होता. वायरमन जागे होते. त्यांनी लाईन तपासली होती.' ती वाचून मान हलवत गेली. पुढं मी लिहिलं, 'चौकशीच्या आदल्या दिवशी मीटरमधला खराब रेझिस्टर बदलला गेला.'

तिनं परत बोट ठेवलं. या वेळी ते 'गेला' या शब्दाखाली होतं. बाहेर ऊन उंबऱ्यावर आलं होतं. मी घड्याळ बघितलं नाही, पण तीन वाजले असावेत.

मी 'गेला' खोडलं, आणि वाक्याच्या सुरुवातीला 'मी' लिहिलं.